केस मागे ओढून बांधले की माणूस ‘कडक’ का दिसतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कित्येक वर्षं कामावर जाताना केस चापूनचोपून मागे बांधता. त्यामागे काही धोरण नव्हतं, तोंडावर आलेले केस आवडत नाहीत एवढंच. आता एक सहकारी म्हणते की तुम्ही त्यामुळे रागीट दिसता. वरिष्ठांनी सुचवलं की बाहेरच्या लोकांबरोबर बैठक असेल तेव्हा ‘जरा मोकळे सोडा’. शिवाय कानशिलाजवळचे केस विरळ झाल्यासारखे वाटताहेत. लोक एवढ्याशा गोष्टीवरून मत का बनवतात, त्यांचं ऐकावं का, आणि सरळसरळ केस कापूनच टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय.

यात घाई करण्याजोगी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कानशिलं. तरी क्रम तुमचाच ठेवते, कारण लोक नेमकं काय बघतात हे कळलं की पुढचं ठरवणं सोपं जातं.

लोक केस का बांधतात, यावर खुर्चीमागे उभं राहून मी बरंच ऐकलंय. नवीन कोणी आलं की मी विचारते, दिवसात केस बांधावेसे पहिल्यांदा कधी वाटतात? कोणी म्हणतं, लिहायला मान खाली घातली की. कोणी म्हणतं, घरात पाऊल टाकल्याबरोबर. काहींना मानेला केसांचा स्पर्शच सहन होत नाही. गुदगुल्या आणि चीड यांच्या मधलं काहीतरी होतं त्यांना. बऱ्याच जणींचं उत्तर अगदी व्यावहारिक असतं: धुऊन दोन दिवस झाले, मुळं तेलकट दिसतात, बांधले की लपतं. कुरळ्या केसांच्या बायका हवा दमट झाली की बांधतात. आणि काही जण मोठ्या कामाला बसण्याआधी केस वर घेतात, बाह्या सरसावल्यासारखे. लांब केसांचे पुरुषही हीच कारणं देतात, फक्त ती सांगताना उगाच थोडे ओशाळतात.

‘मला लोकांना दूर ठेवायचंय म्हणून बांधते’ असं सांगणारी मला क्वचितच भेटली. बघणारा मात्र नेमकं तेच वाचतो. करणाऱ्याचं कारण हाताशी आणि कामाशी जोडलेलं असतं, बघणाऱ्याचा अर्थ चेहऱ्याशी. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

काही कामांत तर निवड नसतेच. लेथच्या किंवा ड्रिलच्या फिरत्या शाफ्टमध्ये एक बट अडकली तर हात बटणापर्यंत पोचायच्या आत डोकं ओढलं जातं. शस्त्रक्रियेच्या खोलीत आणि प्रयोगशाळेत बर्नरजवळही मोकळे केस चालत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत वेरोनिका लेक या अभिनेत्रीची एका डोळ्यावर उतरणारी केशरचना फार लोकप्रिय होती, आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकाही तसेच केस ठेवू लागल्या होत्या. शेवटी सरकारच्या विनंतीवरून तिने स्वतः केस वर बांधून दाखवले.

आता ‘रागीट’कडे येऊ. केस मोकळे असले की कपाळाच्या कडा, कानशिलं आणि जबड्याचा कोन यांच्यावर सावली असते. डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक त्यात झाकला जातो, आणि तो प्रत्येक चेहऱ्यात असतोच. सगळे केस मागे गेले की नजरेला भुवया, डोळे आणि ओठ एवढंच उरतं. कामात लक्ष लागलं की आपल्या भुवया किंचित जवळ येतात, ओठ मिटतात. मोकळ्या केसांत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बांधलेल्या केसांत तीच एकाग्रता चिडल्यासारखी दिसते. त्यात पोनी अगदी करकचून बांधली तर भुवयांची बाहेरची टोकं जराशी वर ताणली जातात आणि नजर आणखी धारदार होते. तुमच्या सहकारीने पाहिलं ते बहुधा एवढंच.

आणि मत बनवायला माणसाला वेळ लागत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवून दिलं की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाइतका दाखवला तरी लोक तो विश्वासू, सक्षम, आक्रमक आहे की नाही हे ठरवून मोकळे होतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त त्याबद्दलची खात्री वाढते. ही मतं बरोबर असतात असा त्याचा अर्थ नाही. पण सहकारीने मुद्दाम तुमच्यात खोट काढली असं समजू नका. तिच्या डोळ्यांनी तिला विचारलंसुद्धा नसेल.

इथपर्यंतचं सगळं फक्त चेहऱ्याबद्दल झालं, आणि चेहऱ्यापुरतं असतं तर मी तुम्हाला गाठ दोन बोटं खाली घ्या एवढंच सांगून थांबले असते. पण तीच घट्ट गाठ वेगवेगळ्या डोक्यांवर वेगवेगळी वाचली जाते. बॅले नर्तकीच्या डोक्यावर तिला शिस्त म्हणतात. ब्रिटनमध्ये 2000 च्या दशकात कामगार वर्गातल्या तरुणींच्या ताणून बांधलेल्या पोनीला ‘क्रॉयडन फेसलिफ्ट’ असं नाव पडलं होतं. लंडनच्या दक्षिणेकडचं क्रॉयडन हे नाव त्यात हिणवण्यासाठीच घातलेलं: शस्त्रक्रियेला पैसे नाहीत म्हणून केसांनीच कातडी ताणली, असा तो टोमणा. वीसएक वर्षांनी, 2022 च्या आसपास, जेल लावून चप्प बसवलेला तसाच अंबाडा ‘क्लीन गर्ल’ या नावाने समाजमाध्यमांवर गाजला आणि श्रीमंती, निरोगीपणा, टापटीप यांचं चिन्ह झाला. आपण वर्षानुवर्षं असेच केस बांधतो तेव्हा आम्हाला गावंढळ ठरवलं गेलं, असं अनेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या बायकांनी तेव्हा बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. रचना तीच होती, डोकं बदललं आणि निकाल बदलला.

यावर कोर्टातही भांडणं झाली आहेत. अमेरिकन एअरलाइन्सच्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीने टाळूलगत मागे विणत नेलेल्या बारीक वेण्या घालण्याचा हक्क मागितला होता. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने तिला सवलत म्हणून सुचवलं होतं की कामाच्या वेळी वेण्यांचा अंबाडा घालून त्यावर कृत्रिम केसांचा तुकडा गुंडाळावा. तिने तेही करून पाहिलं आणि त्याने डोकं प्रचंड दुखतं असं कोर्टाला सांगितलं. त्यावर निकालपत्रात मत नोंदवलं आहे की मग मोठ्या आकाराचा तुकडा घ्यावा. केस बांधण्याचं काम करणाऱ्या कोणालाही हे वाचून हात डोक्याला लावावासा वाटेल. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केसांचा पोत आणि वेण्या-जटांसारख्या रचना यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा ‘क्राउन’ कायदा केला. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पुढे इतर अनेक राज्यांनी तेच केलं.

तुमच्या वरिष्ठांच्या सूचनेशी याचा संबंध आहे. कोव्हल आणि रोझेट या दोन संशोधकांनी नोकरीच्या काल्पनिक उमेदवारांची छायाचित्रं लोकांना दाखवून गुण द्यायला लावले होते. नैसर्गिक केस ठेवलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना, केस सरळ केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपेक्षा आणि गोऱ्या स्त्रियांपेक्षाही कमी ‘व्यावसायिक’ ठरवलं गेलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पोशाखाचे संकेत कडक असलेल्या सल्लागार क्षेत्रात हा दुजाभाव दिसला, जाहिरात क्षेत्रात दिसला नाही. म्हणजे ‘नीटनेटकं’ कशाला म्हणायचं हे बऱ्याच अंशी त्या त्या कार्यालयातल्या सवयीने ठरतं.

किती टोकाचे उलटसुलट नियम असू शकतात ते बघा. अमेरिकी सैन्यात 2021 पर्यंत बायकांना लांब केस घट्ट वर, बहुधा अंबाड्यात, बांधावेच लागत, तर जपानमधल्या काही शाळांत मुलींना पोनीटेल बांधायला मनाई, कारण मान उघडी दिसते आणि मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणे. एकीकडे बांधलेले केस म्हणजे शिस्त, दुसरीकडे तेच बेशिस्तीला आमंत्रण. पुरुषांचं तर विचारूच नका. डोक्याच्या मागची छोटी गाठ 2015 च्या सुमारास जगभर फॅशनमध्ये आली, आणि तेव्हापासून ती बांधणाऱ्याला कलाकार, आळशी किंवा दिखाऊ यांपैकी काहीतरी व्हावंच लागतं. तोंडावर केस येतात हे कारण त्याच्या बाबतीत कोणी ऐकूनच घेत नाही.

कुरळ्या केसांची पोनी ‘विस्कटलेली’ दिसते ही तक्रारही खूप ऐकू येते. रेमंड गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये पोनीटेलच्या आकाराचं गणित मांडलं. प्रत्येक केसाला स्वतःचं वळण असतं, त्यामुळे जवळ बांधलेले केस एकमेकांना बाहेर ढकलतात. गुरुत्वाकर्षण आणि केसांचा ताठपणा यांच्याशी त्या दाबाचा मेळ बसून शेपटीचा आकार ठरतो. या कामाला त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, ते गमतीच्या संशोधनाला देतात. पण माझ्या धंद्यात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. वळण जास्त तर फुगारा जास्त. त्यात बाईचा निष्काळजीपणा कुठेच येत नाही.

मग ऐकावं का? तुमच्या सहकारीचं म्हणणं ही माहिती समजा. हवी तर वापरा, नको तर सोडून द्या. वरिष्ठांचं प्रकरण वेगळं, कारण त्यांच्या हातात तुमची बढती आहे. त्यांना शांतपणे विचारा, केसांबद्दल कार्यालयाचा काही नियम आहे का, आणि तो सगळ्यांना लागू आहे का? नियम नसेल तर ती एका माणसाची आवड आहे, आणि ती तुम्ही मानायलाच हवी असं नाही. माझ्या अनुभवात एवढा एक प्रश्न विचारला की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. आणि तुमचे केस बांधलेलेच नीट राहत असतील तर ‘मोकळे सोडल्यावर मी दर पाच मिनिटांनी ते मागे सारत बसेन, बैठकीत ते चांगलं दिसणार नाही’ हेही सांगून टाका. ते खरंच आहे.

तुम्हाला स्वतःलाच चेहरा मऊ दिसावा असं वाटत असेल तर उपाय सोपे आहेत. गाठीची उंची आधी बदलून पाहा. हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकाकडे एक तिरकी रेघ मागे नेली की ती डोक्याला जिथे मिळते, तिथे बांधलेली पोनी बहुतेक चेहऱ्यांना शोभते. त्याच्या वर गेली की खेळकर, तरुण वाटते. मानेजवळ आली की गंभीर आणि औपचारिक. सरळ मागे ओढण्याऐवजी बाजूला भांग पाडा. कपाळाच्या कडेच्या दोन पातळ बटा सुट्या ठेवल्या तरी रागीटपणा निम्मा होतो. तीन वेगवेगळ्या प्रकारे बांधून एकाच उजेडात, एकाच भावाने फोटो काढा आणि ज्याला हा सगळा विषय माहीत नाही अशा कोणाला तरी दाखवा. आरशावर भरवसा ठेवू नका, आरशात आपण नेहमी थोडं सावरून उभे राहतो.

आता कानशिलं. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

सतत एकाच दिशेने ओढ बसली की केसांची मुळं हळूहळू हार मानतात. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. ट्रेबिच यांनी 1907 मध्येच ग्रीनलंडमधल्या स्त्रियांमध्ये घट्ट गाठीमुळे कपाळाच्या कडेने गेलेल्या केसांची नोंद केली होती. केप टाऊनच्या खुमालो आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या पाहणीत तिथल्या जवळपास एक तृतीयांश प्रौढ स्त्रियांमध्ये हा त्रास आढळला. जाड वेण्या, जोडलेले कृत्रिम केस आणि रसायनाने सरळ केलेल्या केसांवरची ओढ एकत्र आली की धोका वाढतो. पुरुषांनाही होतो: पगडीखाली वर्षानुवर्षं केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्ये त्याच्या नोंदी आहेत.

सुरुवातीची लक्षणं ओळखा. संध्याकाळी केस सोडताना मुळं दुखतात, बोट लावलं तरी ठणकतात. कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या किंवा लाली दिसते. कधी केसाच्या बुडाशी पांढरी नळीसारखी खपली असते. ती केसावरून वर-खाली सरकते आणि लोक कोंडा समजून शांपू बदलत बसतात. थोडं पुढे गेलं की कपाळाच्या अगदी कडेला बारीक आखूड लव शिल्लक राहते आणि तिच्या मागचा पट्टा विरळ होतो. ही कडेची झालर या प्रकाराची मोठी खूण आहे, कारण ते केस इतके आखूड असतात की गाठीत पकडलेच जात नाहीत, म्हणून वाचतात. तुमच्याकडे ती दिसते का, खिडकीच्या उजेडात नीट पाहा. भांगच रुंद होत चालला असेल, किंवा सगळीकडूनच मूठभर केस गळत असतील, तर कारण बहुधा दुसरं आहे. ते हार्मोन, आजारपण, बाळंतपण किंवा लोहाची कमतरता यांकडे जातं आणि नुसती गाठ सैल करून सुटणार नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं मात्र सगळ्यांचंच असतं.

वेळेत ओढ थांबवली तर केस परत येतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ होते, म्हणून फरक दिसायला काही महिने धीर धरावा लागतो. पण वर्षानुवर्षं चाललं तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो. तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसते, बारीक छिद्रंसुद्धा उरत नाहीत. असा भाग दिसला तर पार्लरमध्ये वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. औषध लावायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं.

डोकं दुखतं का हेही बघा. लंडनमधल्या ब्लाऊ यांनी 2004 मध्ये पोनी बांधणाऱ्या 93 स्त्रियांना विचारलं तेव्हा 50 जणींनी तिच्यामुळे डोकं दुखतं असं सांगितलं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या प्रकाराला वेगळी जागा आहे, आणि त्याची ओळख म्हणजे ओढ सोडल्यावर तासाभरात दुखणं थांबतं. अमेरिकी हवाई दलाने 2021 मध्ये बायकांना वेण्या आणि पोनीटेलची मुभा दिली, तेव्हा घट्ट अंबाड्याने होणारी अर्धशिशी, केसांचं नुकसान आणि केस जाणं हीच कारणं पुढे केली होती. त्याच वर्षी भूदलानेही नियम सैल केले. तिथे अंबाड्यामुळे हेल्मेट नीट बसत नाही ही जोडीची अडचण होती.

तुम्ही करायचं ते असं. बांधून झाल्यावर भुवया वर उचला. कपाळाची कातडी मोकळी हलली नाही, ताण जाणवला, तर गाठ घट्ट आहे. दोन्ही तळव्यांनी डोक्यावरचे केस थोडे पुढे सरकवून ढील द्या. चप्प दिसायला हवं असेल तर ते काम थोड्या जेलकडून करून घ्या, ओढीकडून नको. उघडा रबर वापरू नका. कापड गुंडाळलेला रबर, स्क्रंची किंवा मोठा क्लचर चालेल. ओले केस बांधू नका, ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. गाठीची जागा रोज बदला, आज वर, उद्या मानेजवळ, परवा सैल वेणी. घरी आलात की सोडा, आणि रात्री घट्ट बांधून झोपू नका. एवढं सहा महिने करून आजच्या फोटोशी ताडून पाहा. त्याआधीच पुटकुळ्या वाढल्या किंवा पट्टा रुंदावला तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

कापण्याबद्दल: ओढ थांबवायला कापण्याची गरज नाही. तरीही कापायचेच असतील तर खांद्यापर्यंत ठेवा, आणि कापणाऱ्याला स्पष्ट सांगा की सगळे केस एका गाठीत मावले पाहिजेत. ज्यांना तोंडावर केस सहन होत नाहीत त्यांनी हनुवटीपर्यंतचे थर कापून घेतले की आठवड्याभरात त्या डोकंभर पिना लावून परत येतात, आणि पिना पुन्हा त्याच कानशिलांवर ओढ आणतात.